रक्त पोरीचं, जाब कुणाला?

ऊसतोडीवरून परतलेल्या बायांची माजलगावात बैठक होती. विषय नेहमीचेच: उचल, खाडा, कोपीवर नसलेलं पाणी, मुकादमाची भाषा. बैठक उठता उठता मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, मपल्या पोरीला पळायच्या स्पर्धेला लांब न्यायलेत. तिथं म्हणं रगत काढून नेतेत. काय बघतेत त्या रगतात? पोरगी वयात आलेली हाय. उद्या भलतंच काही लिहून आणलं तर तिचं लगीन कोण करील?"

आम्ही चौघी कार्यकर्त्या होतो. गर्भलिंग तपासणीवर, रक्तक्षयावर, एड्सवर शिबिरं घेतलेल्या. एकीलाही या बाईला धड उत्तर देता आलं नाही. "बाईच्या शरीरावर बाईचा हक्क" ही घोषणा इतकी वर्षं देतो आहोत, पण ती मैदानाच्या फाटकाशीच थांबते हे त्या दिवशी कळलं आणि लाज वाटली. मग वाचायला घेतलं, जाणकारांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते मैत्रिणींसमोर ठेवते आहे. कारण हा प्रश्न फक्त माजलगावच्या एका आईचा नाही.

पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळणाऱ्या मुली आता आपल्या जिल्ह्यात नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेस पळत ऑलिम्पिकला गेला. साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर २०१६ साली रिओत त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाली. ही नावं पोरींना पाठ आहेत. पण त्यांना पळवतं ते निव्वळ पदकाचं स्वप्न नाही. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत, त्यात मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. म्हणजे चांगलं पळणं हा कोयत्यातून सुटण्याचा एक रस्ता आहे. आणि सुटकेचा रस्ता जितका अरुंद, तितके त्याच्या कडेला दुकान मांडून बसणारे जास्त.

तिथेच सुई येते. २०२३ च्या पोलीस भरतीत मैदानांच्या आसपास इंजेक्शनं आणि औषधं सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तपासणी पथक आल्याचं कळताच धावपटू पसार झाले, शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकटाच उभा राहिला. स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया पडलेल्या होत्या. २०२३ सालात भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले. शंभरात जवळजवळ चार. खेळात मोठ्या म्हणवणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. तेव्हा हा प्रश्न परदेशातला, श्रीमंतांचा, असं कुणी म्हणू नये.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. रक्तात काय बघतात?

आपल्याकडे पकडले जाणारे बहुतेकजण स्टेरॉइडवर पकडले जातात, आणि तेही लघवीच्या तपासणीत. रक्त लागतं ते अधिक चोरट्या औषधांसाठी. त्यातलं मुख्य म्हणजे वाढीचं संप्रेरक, ग्रोथ हार्मोन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, ती हे संप्रेरक सोडते. लेकरू वाढतं ते त्याच्या जोरावर. मोठेपणी ते चरबी घटवतं, स्नायू-हाडांची दुरुस्ती करतं. १९८५ पासून ते कारखान्यात बनू लागलं. खुजेपणाच्या आजारात ते मुलांना वरदान ठरलं आणि खेळाच्या बाजारात चोरवाट ठरलं. ऑलिम्पिक समितीनं १९८९ साली त्यावर बंदी घातली. पण बंदी घातली म्हणून सापडणार कसं? ते प्रत्येकाच्या अंगात असतंच. दिवसभरात ते लाटांसारखं वर जातं, खाली येतं. झोपेत वाढतं, पळाल्यावर वाढतं. बाहेरून टोचलेलंही काही तासांत ओसरू लागतं.

यावर दोन उपाय निघाले. पहिला असा की, नैसर्गिक संप्रेरकात लहानमोठे अनेक रेणू असतात आणि कारखान्यातल्यात एकाच जातीचे. त्यांचं आपसातलं प्रमाण बिघडलं की शंका घ्यायची. ही तपासणी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून आली, पण सुई टोचल्यावर फार तर दीड-दोन दिवसांत पकडलं तरच पकडलं. दुसरा उपाय जास्त हुशारीचा. चोर दिसला नाही तर त्याची पावलं बघायची. हे संप्रेरक अंगात गेलं की यकृत आयजीएफ-वन नावाचं प्रथिन जास्त बनवतं, आणि नवीन ऊतक बांधलं जाताना पी-थ्री-एन-पी नावाचा तुकडा रक्तात वाढतो. या दोन खुणा पुढे कित्येक दिवस वर राहतात. त्या मोजायच्या, वयाचा हिशेब धरायचा, बाई आणि पुरुष यांना वेगवेगळं सूत्र लावायचं आणि एक आकडा काढायचा. या कामाला युरोपात १९९६ साली सुरुवात झाली. प्रत्यक्ष स्पर्धेत खेळाडू पकडले गेले ते २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये. ऑगस्ट २०२३ पासून या खुणा खेळाडूच्या 'जैविक पासपोर्ट'मध्येही धरल्या जातात. म्हणजे एकदा रक्त दिलं आणि संपलं, असं नाही. आकडे वर्षानुवर्षं साठतात, नमुने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात.

हे विज्ञान खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. उलट, निर्दोष माणूस दहा हजारांत एखादाच अडकावा इतकी कडक मर्यादा त्यात ठेवली आहे. शेजारच्या पट्टीत जी पोर निव्वळ भाकरीवर पळते, तिचा घास सुई टोचणारीनं पळवू नये यासाठी तपासणी हवीच. आपण स्त्रिया आहोत म्हणून फसवणूक करणाऱ्या स्त्रीला पाठीशी घालायचं, हे आपलं राजकारण नाही.

पण चांगली तपासणी आणि न्यायाची तपासणी यांत अंतर असतं. बाईचं शरीर या संप्रेरकाला पुरुषापेक्षा कमी दाद देतं, म्हणून बायकांत या खुणाही कमी वर जातात आणि चोरी पकडणं जास्त अवघड जातं. पाळी पुढे ढकलायला किंवा मूल लांबवायला घेतलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीनं आयजीएफ-वन खाली येतं. वयात येतानाच्या काळात तेच प्रथिन आपसूक सर्वांत वर असतं, म्हणून तर सूत्रात वय घालावं लागतं. आता विचार करा. आपल्या पोरींच्या जन्मतारखा शाळेच्या दाखल्यावर कशा पडतात हे आपल्याला ठाऊक आहे. गुरुजींनी अंदाजानं एक जून लिहून टाकलेली तारीख या आंतरराष्ट्रीय सूत्रात जाऊन बसते. शास्त्रज्ञांचा दोष नाही यात. पण हे तपासणाऱ्याला सांगायचं कुणी, आणि कुठल्या भाषेत?

आता ज्याला बोलायची सोय आहे त्याचं काय होतं ते बघा. एस्टोनियाचा ऑलिम्पिक विजेता स्कीपटू आंद्रुस वेरपालू २०११ साली वाढीच्या संप्रेरकाच्या तपासणीत अडकला. त्यानं वकील लावले, संख्याशास्त्राचे जाणकार उभे केले. २०१३ साली स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादानं त्याला सोडलं. त्यानं औषध घेतलंच नाही असं लवाद म्हणाला नाही, उलट संशयाला जागा आहे असंच म्हणाला. पण मर्यादेचा आकडा कसा ठरवला हे तपासणाऱ्या यंत्रणेला सिद्ध करता आलं नाही. त्या संस्थेचं नाव वाडा. आपल्या बायांना वाडा म्हटलं की वेगळंच आठवतं: वर्दी द्यायला जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आणि आतून आलेला निकाल मान खाली घालून ऐकायचा. वेरपालू आत शिरून हिशेब मागू शकला. उचल फेडण्यात हयात गेलेल्या घरातली मुलगी कुणाच्या बळावर मागणार?

आणि तिचं चुकलंच असेल, तरी ती एकटीच चुकली का?

२०११ सालचा किस्सा आठवा. आदल्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत सोनं आणणाऱ्या रिलेच्या मुलींसह सहा धावपटू मुली स्टेरॉइडच्या तपासणीत दोषी निघाल्या. त्यांचं म्हणणं होतं की प्रशिक्षकानं आणून दिलेल्या जिनसेंगच्या पूरक गोळ्यांतून हे अंगात गेलं. परदेशी प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक याला काढून टाकलं. मुलींना आधी एका वर्षाची बंदी झाली, २०१२ साली लवादानं ती दोन वर्षांची केली. ऐन उमेदीची दोन वर्षं. लंडन ऑलिम्पिक गेलं. आणि प्रशिक्षक? पुढे काही वर्षांतच तो पुन्हा भारतीय मुलींच्या रिले संघाला शिकवताना दिसला.

नियम असा आहे की खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. कुणी दिलं, काय सांगून दिलं, हे पुढचे प्रश्न. आणि ते सिद्ध करण्याचं ओझंही बहुतेक वेळा तिच्याच डोक्यावर. सोळा वर्षांची पोर गुरूला विचारेल का, "सर, या बाटलीत काय आहे?" घरात बापाला, शाळेत मास्तरांना, फडात मुकादमाला उलट प्रश्न विचारायचा नाही हेच जिला जन्मापासून शिकवलं, ती मैदानात एकाएकी बोलू लागेल? पूर्व जर्मनीत सरकारनंच कोवळ्या मुलींना निळ्या गोळ्या 'व्हिटॅमिन' म्हणून चारल्या. त्यांच्या आवाजाला, पाळीला, गर्भाशयाला काय झालं ते देश कोसळल्यावर बाहेर आलं. तिथे निदान २००० साली क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड याला कोर्टात उभं केलं गेलं आणि दोषी ठरवलं गेलं, शिक्षा निलंबित राहिली तरी. आपल्याकडे देणारा हात कोर्टापर्यंत किती वेळा पोचतो?

हा झाला त्या आईच्या प्रश्नाचा पहिला भाग. दुसरा भाग तिनं दबक्या आवाजात विचारला होता: "भलतंच काही लिहून आणलं तर?" आम्हाला आधी वाटलं, अडाणीपणातून आलेली भीती. वाचत गेलो तसं कळलं, की बाई आमच्यापेक्षा शहाणी होती.

वाढीच्या संप्रेरकाच्या त्याच युरोपीय संशोधनासाठी स्पर्धा संपल्या संपल्या नामांकित खेळाडूंनी स्वेच्छेनं रक्त दिलं होतं. त्यातल्या ६९३ जणांच्या रक्तात पुढे इतर संप्रेरकंही मोजली आणि २०१४ साली ते आकडे छापून आले. शंभर पुरुष खेळाडूंत सोळा-सतरा जणांचं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा खाली होतं. शंभर स्त्रियांत तेरा-चौदा जणींचं बायकांच्या मर्यादेपेक्षा वर. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी या आकड्यांवर हरकत घेतली, रक्त कधी घेतलं आणि कसं मोजलं यावर वाद झाला. तो वाद इथे सोडवायचा नाही. मुद्दा असा की, एका कामासाठी दिलेलं रक्त दुसऱ्याच कामाचं बोलू लागलं. इथे ते खेळाडू स्त्रियांच्या बाजूनं बोललं. नेहमीच तसं बोलेल असं नाही.

ओडिशाची द्युती चंद हिची कहाणी घ्या. २०१४ साली तिला बोलावलं गेलं. लवादासमोर तिनं सांगितलं की मला नेहमीची डोपिंगची तपासणी आहे असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात सोनोग्राफी केली. अधिकाऱ्यांनी हे नाकारलं. पण त्यानंतर तपासण्या झाल्या आणि टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून तिला वगळलं, हे खरं. तिनं काही घेतलं नव्हतं, जन्मजात शरीरच तसं होतं. ती लढली, आणि जुलै २०१५ मध्ये लवादानं तो नियम स्थगित केला. मग २०१८ साली नवे नियम आले. त्यात सरळ लिहिलं होतं की डोपिंगसाठी घेतलेल्या नमुन्यांतून मिळालेल्या माहितीवरूनही एखाद्या बाईची चौकशी सुरू करता येईल. चोरी पकडायला म्हणून घेतलेलं रक्त, तू बाई आहेस का हे विचारायला वापरता येईल! सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येकीला आयुष्यात एकदा जनुकाची चाचणी सक्तीची केली आहे. पुरुषांना असलं काही नाही.

त्याच द्युतीवर २०२३ साली चार वर्षांची बंदी आली, या वेळी खरोखर बंदी असलेली औषधं नमुन्यात सापडली म्हणून. काही मैत्रिणींना हे सांगायला अवघड वाटतं. मला वाटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेच तर त्यातून स्पष्ट होतं. अंगात काय घातलं, हा प्रश्न विचारायचा अधिकार खेळाला आहे. तू मुळात कोण आहेस, हा प्रश्न त्याच सुईनं, त्याच बाटलीतून, न सांगता विचारायचा अधिकार कुणालाही नाही. महिला गट टिकवायला काही नियम लागतील, ते कसे असावेत यावर आपल्यातही मतभेद असतील, उघड बोलू. पण चोरून नाही.

याची किंमत कोण मोजतं? तमिळनाडूची शांती सौंदरराजन वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची लेक. २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकली आणि लिंगतपासणीनंतर ते काढून घेतलं गेलं. चोरी नाही, औषध नाही. गावोगाव बातमी मात्र पोचली. आमच्या माजलगावच्या आईला शांतीचं नाव माहीत नाही. पण तिची भीती नेमकी तीच होती.

बीडच्या बायांना हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. काम थांबू नये म्हणून बाईचं शरीर कापायचं, हे या जिल्ह्यानं पाहिलं आहे. २०१९ साली सरकारी समितीसाठी झालेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की दंड, त्यापेक्षा पिशवीच काढून टाक. तिथेही सही बाईचीच होती. तिथेही सल्ला देणारे, पैसे मोजून घेणारे, उचल देणारे नामानिराळे राहिले. आई फडात जशी वापरली गेली तशीच लेक मैदानात वापरली जाणार असेल, तर कोयता टाकून तिनं मिळवलं काय?

म्हणून आपल्या गटांनी पुढच्या बैठकांत हे विषय घ्यावेत, आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्यापासून नाडापर्यंत या मागण्या लेखी द्याव्यात.

एक. तपासणी कशाची, कोणत्या खुणा मोजणार, रक्त किती वर्षं ठेवणार, हे मुलीला मराठीत, बोलून आणि लिहून सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलीबरोबर तिच्या विश्वासातलं माणूस असू द्या.

दोन. डोपिंगसाठी घेतलेलं रक्त डोपिंगसाठीच. लिंगतपासणीसाठी ते वापरणार नाही असं लेखी द्या.

तीन. अजाण मुलगी दोषी निघाली की तिच्या प्रशिक्षकाची आणि सोबतच्या माणसांची आपोआप चौकशी करावी, असं जागतिक संहितेतच आहे. अजाण खेळाडूला स्टेरॉइडसारखं औषध देणाऱ्या प्रशिक्षकाला जन्माची बंदीही आहे. ही कलमं कागदावरच का? राज्यात अशा किती चौकशा झाल्या, ते जाहीर करा.

चार. दुसऱ्या नमुन्याची तपासणी आणि वकील यांचा खर्च गरीब घरच्या मुलीवर टाकू नका. तिचं नाव निकाल लागण्याआधी वर्तमानपत्राला देऊ नका.

पाच. हे आपलं काम. पळणाऱ्या मुलींची बैठक घ्या. कुणीही दिलेली पावडर, गोळी, इंजेक्शन घेण्याआधी नाव विचारायचं, वेष्टन आणि बिल जपून ठेवायचं, डॉक्टरला 'मी खेळाडू आहे' म्हणून सांगायचं. आणि "सर, यात काय आहे?" हा प्रश्न तोंडातून निघेपर्यंत त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचा. आपण 'नाही' म्हणायला शिकवतो ना शिबिरात, तसंच.

त्या बाईकडे आम्ही महिनाभरानं परत गेलो. जमेल तसं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. आई तिला म्हणाली, "ऐकलं का गं? सुई टोचायच्या आधी इचारायचं, काय बघणार म्हणून. न्हाई सांगितलं तर हात पुढं करू नकू." हात पुढे न करण्याची किंमत फार मोठी असते, तपासणी नाकारली तरी बंदी येते, हे आम्हाला तिला सांगावं लागलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मंग तुमी कामून हाईत, ताई?"

मैत्रिणींनो, याचं उत्तर आपल्या सगळ्यांना द्यायचं आहे.